कागदावरचे मरण : ‘तिथि’ आणि बापलेकांची गोष्ट

‘तिथी’ हा शब्द मराठी माणसास नवा नाही. आपण पंचांगात तिथी पाहतो, आणि ‘आज वडिलांची तिथी आहे’ असेही सहज बोलून जातो. म्हणजे श्राद्धाचा अर्थ आपल्याही बोलीत आहे. मात्र आपली ती तिथी वर्षाकाठी येणारी, शांत, घरच्या घरी उरकली जाणारी. म्हैसूर-मंड्याकडील कन्नड बोलीत हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे येते ते अकराव्या दिवसाचे गावजेवण : मांडव, मटणाचे हंडे, सोयरेधायरे, आणि मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणसांनी केलेला खर्च. राम रेड्डी ह्या तरुण दिग्दर्शकाने आपल्या पहिल्या दीर्घ चित्रपटाला हेच नाव दिले. ‘तिथि’ ऑगस्ट २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोकार्नो महोत्सवात प्रथम दाखविला गेला आणि तेथे त्यास नव्या दिग्दर्शकांच्या विभागातील सुवर्ण बिबळ्याचा मान मिळाला. पाठोपाठ उत्कृष्ट कन्नड चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही आले. मे २०१६ मध्ये तो कर्नाटकात प्रदर्शित झाला. आता त्या गोष्टीस बरीच वर्षे लोटली आहेत. स्तुतीचा पहिला भर ओसरला आहे, आणि आमच्या मते ह्या चित्रपटाविषयी निवांतपणे चार शब्द बोलावयास हाच काळ बरा.

बोलावयाचे कारण असे की, ‘तिथि’ची जी कीर्ती बेंगळूरुत पसरली ती आम्हांस थोडी चुकीच्या माणसाभोवती गोळा झालेली दिसते.

कथा थोडक्यात सांगावयास हवी. मंड्या जिल्ह्यातील एका खेड्यात एकशे एक वर्षांचा एक म्हातारा रस्त्याकडेला बसून येणाऱ्याजाणाऱ्यास अस्सल शिव्या हासडीत असतो. लोक त्यास ‘सेंच्युरी गौडा’ म्हणतात. चित्रपट सुरू होऊन थोडा वेळ जातो न जातो तोच तो बोळात कोसळतो आणि मरतो. त्याचा थोरला मुलगा गड्डप्पा. ‘गड्ड’ म्हणजे दाढी, तेव्हा आपल्याकडे त्यास ‘दाढीवाले आप्पा’ म्हटले असते. हा गड्डप्पा घरी राहत नाही. शेताबांधांतून भटकतो, ‘टायगर’ नावाची स्वस्त ब्रँडी पितो, विड्या ओढतो, आणि जमिनीवर रेघा ओढून वाघ-शेळ्यांचा खेळ खेळतो. बाप गेल्याची वार्ता कळली तरी त्याच्या चालण्यात फरक पडत नाही. त्याचा मुलगा तम्मण्णा हा संसारी, काळजीने ग्रासलेला. आणि तम्मण्णाचा मुलगा अभि हा विशीच्या आतबाहेरचा पोरगा. त्याचे लक्ष मोबाइलमध्ये, पत्त्यांत, आणि मेंढरांच्या कळपाबरोबर गावात आलेल्या कावेरी नावाच्या मुलीत. सेंच्युरी गौड्याच्या नावावर पाच एकर जमीन आहे. ती कायद्याने आधी गड्डप्पाकडे यावयाची आणि मग पुढे. गड्डप्पास तिचे काही नाही. तम्मण्णास ती विकून मोकळे व्हायचे आहे. बाप कचेरीत येत नाही, तेव्हा मुलगा लाच देऊन बापाच्या मरणाचा दाखला मिळवितो. दाखला खोटा ठरू नये म्हणून बापाच्या हाती पैसे देऊन त्यास देश पाहण्यासाठी गावाबाहेर धाडतो. आणि ह्या सगळ्यासाठी सावकारणीकडून कर्ज काढतो. गड्डप्पा अर्थातच देश पाहावयास जात नाही. तो मेंढपाळांच्या तळावर जाऊन बसतो. पुढचे, ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी पाहावे.

चित्रपट लागला तेव्हा बेंगळूरुत जो तो गड्डप्पावर बोलत होता. त्याची दाढी, त्याची चाल, त्याचे ते कशाचेच न वाटणे! सुशिक्षित प्रेक्षकांनी त्यास अवधूत ठरविले. वर्तमानपत्री परीक्षणांतून त्याच्या वैराग्याचे गोडवे गायिले गेले. पुढे तर ह्याच दोन वृद्धांना, म्हणजे सेंच्युरी गौडा झालेल्या सिंग्रीगौडांना आणि गड्डप्पा झालेल्या चन्नेगौडांना, घेऊन कन्नडमध्ये हलकेफुलके चित्रपटही निघाले. शेतात राबून हाडे झिजविलेल्या माणसांना उतारवयात प्रसिद्धी मिळाली ह्याचा आनंदच आहे. (सिंग्रीगौडा जानेवारी २०२० मध्ये वारले.) परंतु एका चित्रपटातील पात्र जेव्हा असे मिरवणुकीतल्या सोंगासारखे लोकप्रिय होते, तेव्हा त्याच चित्रपटातील दुसरे एखादे पात्र झाकोळले गेले आहे काय, हे तपासणे समीक्षकाचे काम असते. आमच्या मते ‘तिथि’ ही गड्डप्पाची गोष्ट नाही. ती तम्मण्णाची गोष्ट आहे. बापास कागदावर मारल्याखेरीज ज्यास बापाच्या बापाची तिथी धड करता येत नाही, अशा मुलाची ती गोष्ट आहे.

आमचा दिवस सरकारी फायलींत जातो, म्हणून हे आम्हांस विशेष जाणवले असेल. पण ते केवळ धंद्याचे वेड नव्हे. खेड्यात माणूस दोनदा मरतो : एकदा देहाने, एकदा दप्तरात. देहाचे मरण झटकन होते. दप्तरातील मरणास अर्ज, साक्षी, पंचनामा, मुदत, विलंब-शुल्क असे सोपस्कार असतात. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याने मृत्यूची वर्दी एकवीस दिवसांत द्यावयाची असते. वर्ष उलटून गेले तर दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय नोंद होत नाही. त्यानंतर जमिनीचे प्रकरण. आपल्या सातारा-सांगलीकडे ज्यास वारस नोंद आणि फेरफार म्हणतात, त्यासच इकडे ‘पौती खाते’ म्हणतात. आपला सातबारा तो इकडचा ‘पहणि’. गंमत अशी की कचेरीत शिरताच कन्नड आणि मराठी ह्यांतील अंतर निम्म्याने घटते : खाते, दाखला, अर्जी, मंजूर, जमीन, तालूक, सगळे ओळखीचे. दोन्ही मुलखांनी हा शब्दसंग्रह एकाच जुन्या दप्तरशाहीकडून उचलला, आणि शब्दांबरोबर त्यांतील हेलपाटेही उचलले. गेल्या पाव शतकात कर्नाटकाने आपली पहणि-पत्रके ‘भूमि’ योजनेखाली संगणकावर नेली. उतारा आता खिडकीवर छापून मिळतो. पण यंत्र नाव छापते. ते नाव कोणाचे असावे हे अजून माणसांनाच ठरवावे लागते, आणि ‘तिथि’ त्या ठरविण्याच्या क्षणावर उभा आहे.

येथे कोणी विचारील, आणि विचारावयासही हवे, की गड्डप्पाच्या एका सहीने काम होत असता त्यास मारण्याचा खटाटोप कशासाठी? कथानकातील हा सांधा कच्चा आहे, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. आम्हांस तो मान्य नाही. गड्डप्पा नकार देत असता, तर तम्मण्णाने भांडण केले असते, पंच बोलाविले असते, पाय धरले असते. नकाराशी झुंजता येते. गड्डप्पा नकार देत नाही. त्यास तो विषयच पोचत नाही. ज्या माणसास मालकी म्हणजे काय हेच लागू नाही, त्याच्याकडून मालकीचे हस्तांतर कसे करून घ्यावयाचे? त्यास कचेरीच्या पायरीपर्यंत नेणे म्हणजे वाऱ्यास पिशवीत भरणे. तेव्हा तम्मण्णापुढे जो मार्ग उरतो तो क्रूर दिसला तरी कचेरीच्या दृष्टीने सर्वांत सरळ आहे : जो बाप व्यवहारात नाहीच, त्याचे नसणे कागदावर आणावयाचे. तो खोटेपणा आहे, आणि गुन्हाही आहे. पण त्यात द्वेषाचा एक थेंबही नाही, हे दिग्दर्शकाने फार नेमके दाखविले आहे. मुलगा बापास प्रवासखर्चासाठी नोटा देतो, त्याची नीट सोय होईल असे पाहतो. इतक्या आस्थेने केलेला पितृवध आम्ही अन्यत्र पाहिला नाही.

पितृवध हा शब्द आम्ही जाणून वापरला. ग्रीकांच्या कथेत मुलगा बापास मारतो. आपल्याकडील कथांचे वळण निराळे आहे, हे म्हैसूरच्याच अ. क. रामानुजन ह्यांनी आपल्या एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले : भारतीय कथांत बहुधा बाप मुलाचे काही हिरावून घेतो आणि मुलगा ते देतो. ययातीने पुरूकडे तारुण्य मागितले, पुरूने दिले. मराठी वाचकास हा ययाती खांडेकरांच्या १९५९ च्या कादंबरीतून भेटला. कन्नड रंगभूमीला तो दोनच वर्षांनी गिरीश कर्नाडांच्या पहिल्या नाटकातून भेटला, आणि त्या नाटकातील पुरूची वेदना खांडेकरांच्या ययातीच्या वेदनेहून आम्हांस अधिक झोंबली. भीष्माचीही तीच कथा. ‘तिथि’तील तम्मण्णा हा वरवर ग्रीक वळणाचा, बापास मारणारा; पण जरा खरवडून पाहिले की आत पुरूच सापडतो. बापाने जी म्हातारपणाची, म्हणजे जबाबदारीची, झूल झटकून टाकली ती ह्या मुलाच्या अंगावर पडली आहे. बाप साठीनंतर मुलासारखा हुंदडतो. मुलगा चाळिशीत बापासारखा वाकतो. तारुण्याची ही अदलाबदल शापाने झालेली नाही, उःशापही कोणी देणार नाही.

आमच्या प्रेक्षकांची सहानुभूती मात्र परंपरेने म्हाताऱ्याच्या बाजूची असते. मराठी माणसास हे वेगळे सांगावयास नको. १९७० च्या डिसेंबरात ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले तेव्हापासून आपण मुलांस सर्वस्व देऊन रस्त्यावर आलेल्या बापासाठी रडत आलो आहोत, आणि त्या रडण्यात मुलांच्या घरचा जमाखर्च कोणी मांडला नाही. कुसुमाग्रजांचा तो बाप उंचीचा होता, त्याचे वैभव भाषेत होते. तेथे मुलांकडे पाहण्यास अवधीच मिळत नाही. गड्डप्पाचे वैभव त्याच्या मौनात आहे. पण प्रेक्षागृहातील न्याय तोच : म्हातारा भला, मुलगा लोभी. ‘तिथि’ पाहून बाहेर पडणारी आमच्या ओळखीची काही सुसंस्कृत मंडळी तम्मण्णास ‘जमीन विकावयास निघालेला’ म्हणून नाक मुरडीत होती. त्यांपैकी किती जणांनी स्वतःच्या गावची जमीन विकून ह्या शहरात सदनिका घेतली आहे, हे विचारण्याचा शिष्टाचार आमच्यात नव्हता.

बेंगळूरुच्या प्रेक्षकास गड्डप्पा इतका का आवडावा, ह्याचे उत्तर येथेच असावे. हे शहर जमीन सोडून आलेल्यांचे शहर आहे. मंड्या-हासनचे गौडा आले, आंध्रचे रेड्डी आले, आपल्यासारखे मराठी लोकही आले. काही पिढ्यांपूर्वी, काही काल-परवा. बहुतेकांच्या मागे कोठे तरी एखादा उतारा आहे, ज्यावर आजोबांचे नाव अजून तसेच आहे आणि ते काढावयास कोणास रजा मिळत नाही. अशा माणसास गड्डप्पा म्हणजे सुटकेचे चित्र वाटते : उताऱ्याची चिंता नसलेला माणूस. पण आमची निश्चिंती आणि गड्डप्पाची निश्चिंती ह्यांत एक साम्य आहे, आणि ते सुखद नाही. दोन्ही प्रकारांत गावाकडे कोणीतरी एक तम्मण्णा मागे राहिलेला असतो. शेतसारा तो भरतो, बांधाचे भांडण तो भांडतो, वर्षश्राद्धाचा स्वयंपाक त्याच्या घरी होतो, आणि जमीन विकण्याची गोष्ट निघाली की लोभी तो ठरतो.

येथे ‘फँड्री’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. नागराज मंजुळे ह्यांचा तो पहिला दीर्घ चित्रपट महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. तोही बाप आणि मुलगा ह्यांचा. कैकाडी समाजातील कचरू माने लेकीच्या लग्नाच्या खर्चासाठी गावातील डुकरे पकडण्याचे काम पत्करतो, आणि शाळेतल्या शालूवर जीव जडलेला त्याचा मुलगा जब्या, चारचौघांदेखत त्या डुकरामागे धावावे लागू नये म्हणून लपत राहतो. ऐन वेळी शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात, जब्या ताठ उभा राहतो, घरचेही थबकतात, आणि डुक्कर निघून जाते. किशोर कदमांनी उभा केलेला कचरू आम्ही पुन्हा पुन्हा पाहिला आहे. त्याचा मुलावरील संताप खरोखर गावावरचा आहे. गावावर काढता येत नाही म्हणून तो घरात उतरतो. कवी ‘सौमित्र’ म्हणून मराठी वाचक ज्यांस ओळखतात त्या ह्या नटाने कचरूच्या तोंडी कवितेचा वाससुद्धा येऊ दिला नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

दोन चित्रपट शेजारी ठेवले की एक फरक ठळकपणे दिसतो, आणि तो ‘तिथि’च्या कौतुकात कोणी फारसा सांगितला नाही. गड्डप्पाच्या बेफिकिरीखाली पाच एकर जमीन आहे. ती त्यास नको असली तरी ती आहे. ती असल्यामुळेच त्याच्या नको म्हणण्यास अर्थ आहे आणि सौंदर्यही. गाव त्यास ओवाळून टाकीत नाही, विडी मागितली तर विडी देते, कारण तो गौडाचा मुलगा आहे. कचरूस असे बेफिकीर होऊन पाहावयाचे असते तर? त्याच गावाने त्यास आळशी, दारुडा, चोर म्हटले असते, आणि डुकरामागे धावावयास लाविले असते. त्याच्याकडून जब्यास मिळावयाचा वारसा म्हणजे हातातला फास. तो नाकारण्यास एकही कचेरी अर्ज स्वीकारीत नाही. वैराग्यालाही भांडवल लागते, हे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत लिहिलेले नसते. ह्या दोन चित्रपटांच्या मधल्या जागेत मात्र ते वाचता येते. राम रेड्डींस ह्याची जाणीव नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. मेंढपाळांचे कुटुंब त्यांनी मुद्दाम आणले आहे. त्यांच्याकडे जमीन नाही, कळप आहे, चालणे आहे. गड्डप्पा ज्या भटकंतीचा शौक करतो ती त्यांची रोजी आहे. तरीही ह्या विरोधावर चित्रपट फारसा थांबत नाही, तळावरच्या शेकोटीच्या उबेत तो सैलावतो.

शेकोटीवरून आठवले. त्या रात्री गड्डप्पा मेंढपाळांस आपली जुनी हकीकत सांगतो. बापाने मुलाच्या संसाराचा घात कसा केला, अशी ती हकीकत आहे. ती ऐकल्यावर आरंभीचा तो विनोदी शिवराळ म्हातारा आपण पुन्हा आठवतो, आणि हसू घशात अडकते. कॅमेरा त्या वृद्ध चेहऱ्यावर स्थिर राहतो. चन्नेगौडा हे नट नसल्याने त्यांस अभिनय कोठे सुरू करावा हे ठाऊक नाही, आणि म्हणून तो कोठेही सुरू होत नाही. हा प्रसंग चित्रपटाचे शिखर आहे असे बहुतेकांचे मत पडले. आमचे मत दुभंगलेले आहे. एकीकडे त्यामुळे पिढ्यांचा हिशेब जुळतो : सेंच्युरी गौड्याने गड्डप्पाचे घर मोडले, गड्डप्पाने तम्मण्णाकडे पाठ फिरविली, तम्मण्णाने गड्डप्पास कागदावर पुरले, आणि अभि ह्या तिघांकडे पाहतसुद्धा नाही. दुसरीकडे, गड्डप्पाच्या निर्विकारपणास कारण मिळताच तो किंचित लहान होतो. विनाकारण मुक्त असलेला माणूस विलक्षण असतो. दुखावलेला माणूस समजण्याजोगा असतो. शिवाय ह्या हकिकतीत ज्या स्त्रीचे सर्वस्व गेले, तिचा चेहरा आपणांस दिसत नाही, तिचे म्हणणे ऐकू येत नाही. चार पिढ्यांच्या वंशवेलीत एकही आई अशी नाही की जिच्या मनात काय चालले आहे हे आपण सांगू शकू. सावकारीण आहे, आणि ती झकास रंगविली आहे, कावेरी आहे, परंतु त्या घराच्या बायका जेवणाची भांडी उचलण्यापुरत्या येतात. गोष्ट बापलेकांची आहे, हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. बापलेकांची गोष्ट आयांनी निस्तरलेली असते.

वंशवेल म्हटल्यावर ‘वंशवृक्ष’ आठवतो. भैरप्पांची ती कादंबरी १९६५ ची. कर्नाड आणि ब. व. कारंत ह्यांनी तिच्यावर १९७१ साली चित्रपट केला आणि दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक दोघांनी मिळून घेतले. उमा कुलकर्णी ह्यांच्या अनुवादांमुळे भैरप्पा आपल्याकडेही घरोघर पोचले. त्या कथेतील श्रीनिवास श्रोत्री आयुष्यभर वंशाच्या शुद्धतेस जपतात, आणि उतारवयात आपल्या जन्माचे रहस्य कळल्यावर ह्या वंशाच्या वारशावर आपला हक्क तरी आहे काय, ह्या प्रश्नापाशी येऊन थांबतात. नंजनगूडच्या त्या ब्राह्मण घरापासून मंड्याच्या ह्या गौडाच्या घरापर्यंत कन्नड चित्रपटाने केलेला प्रवास पाहण्यासारखा आहे. श्रोत्रींपुढचा प्रश्न रक्ताचा होता; तम्मण्णापुढचा शिक्क्याचा आहे. रक्ताविषयी येथे कोणास शंका नाही. सगळे गाव जाणते की हा ह्याचा बाप आणि तो त्याचा. जे सगळे गाव जाणते ते कचेरी जाणत नाही, इतकाच पेच.

आणि हा पेच काल्पनिक नाही. उत्तर प्रदेशात आझमगढ जिल्ह्यातील लालबिहारी ह्यांस नातलगांनी जमिनीसाठी १९७५ च्या सुमारास दप्तरात मृत ठरविले. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावयास त्यांस १९९४ साल उजाडले. मधल्या काळात त्यांनी नावापुढे ‘मृतक’ असे लावले, आपल्यासारख्या कागदी मृतांचा संघ काढला, आणि कोणत्याही कागदावर आपले जिवंत नाव यावे म्हणून मोठमोठ्या पुढाऱ्यांविरुद्ध निवडणुकाही लढविल्या. त्यांच्यावर २०२१ साली ‘कागज’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला. तो मनोरंजक आहे, पण त्यात कचेरीचा खलनायक करून टाकल्यामुळे प्रेक्षक सुखाने घरी जातो. ‘तिथि’त ही सोय नाही. येथे मेलेल्या ठरविलेल्या माणसास त्याची खबर नाही. असती तरी त्याने विडी मागितली असती. जिवंतपणाचा पुरावा मागणारी यंत्रणा आम्ही रोज जवळून पाहतो. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक वृद्ध हयातीचा दाखला द्यावयास येतात. २०१४ पासून अंगठ्याचा ठसा यंत्रावर टेकवूनही तो देता येतो. ज्यांच्या बोटांच्या रेषा कामाने झिजल्या आहेत त्यांचा ठसा यंत्र लवकर ओळखीत नाही. रांगेत उभी असलेली ती माणसे चिडत नाहीत, हे पाहून आम्हांस प्रत्येक वेळी नवल वाटते. गिरीश कासारवळ्ळी ह्यांनी पूर्णचंद्र तेजस्वींच्या कथेवरून केलेला ‘तबरन कथे’ हा चित्रपट, १९८६ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ज्यास सुवर्णकमळ मिळाले तो, ह्याच रांगेचा होता. त्यातील तबरा कचेरीवर विश्वास ठेवून उद्ध्वस्त होतो. गड्डप्पा कचेरीकडे पाठ करून सुखरूप राहतो. तम्मण्णा तिला ओळखून तिच्याशी सौदा करतो, आणि तिघांत सर्वांत थकलेला तोच दिसतो.

चित्रपटाच्या घडणीविषयी थोडेसे. सहलेखक ईरेगौडा हे त्याच नोडेकोप्पलु गावचे. माणसे गावातलीच निवडलेली. संवाद त्यांच्या तोंडवळणाचे. म्हणूनच तो ‘ग्रामीण’ वाटत नाही, गावाचा वाटतो. (आपल्याकडे ग्रामीण ह्या विशेषणाने चित्रपटांचे जे नुकसान केले त्याविषयी पुन्हा केव्हा तरी लिहू.) ईरेगौडांनी पुढे २०१८ मध्ये ‘बळेकेंप’ स्वतंत्रपणे केला, तोही पाहण्याजोगा आहे. बेंगळूरुच्या मराठी रसिकास एक अडचण येईल : दुकानात आणि बसमध्ये शिकलेले आपले कन्नड मंड्याच्या बोलीपुढे निम्मे पडते. उपशीर्षके आहेत, पण शिव्या कोणत्याच भाषेत अनुवादित होत नाहीत, आणि सेंच्युरी गौड्याचे अर्धे व्यक्तिमत्त्व त्याच्या शिव्यांत आहे. मंड्याचा एखादा स्नेही शेजारी घेऊन बसावे, हा आमचा सल्ला.

राहता राहिला अभि. त्याच्याकडे समीक्षकांनी दुर्लक्षच केले. उनाड पोर, इतकीच त्याची नोंद. तो घरच्या दुःखात सहभागी होत नाही, मेजवानीच्या मेंढ्यांची जोखीम त्याच्यावर सोपविली असता ती तो कशी पार पाडतो ते सांगण्यासारखे नाही. बाप आजोबास कागदावर मारीत असता हा मुलगा घरातच आहे. त्यास ते कळते की नाही, कळले तर काय वाटते, हे चित्रपट सांगत नाही, आणि न सांगण्यात त्याने शहाणपण दाखविले आहे. मंड्याची जमीन कृष्णराजसागराच्या पाण्यावर ऊस पिकविणारी. २०२३ मध्ये बेंगळूरु-म्हैसूर द्रुतगती मार्ग त्याच जिल्ह्यातून खुला झाला, आणि तेथील एकराचा भाव आता चित्रपटाच्या काळचा राहिलेला नाही. अभि आज तिशीच्या घरात आला असता. बापाने ती पाच एकरे कितीला विकावयास काढली होती, हे त्यास ठाऊक असेलच. तम्मण्णाच्या म्हातारपणी, ज्या दिवशी त्याच्याही सहीची कोणास गरज पडेल, त्या दिवशी तो कचेरीच्या पायरीपर्यंत चालत येईल काय, की तोही तोवर शेताच्या बांधावर रेघा ओढून वाघ-शेळ्या मांडीत बसला असेल?